शंभर पान्याचं तूप

बसा पाव्हनं, बाकड्यावर बसा. तुमच्या फटफटीचं पंक्चर निघायला अर्धा तास तरी लागनार, आन् च्या तर हायच. तवर एक गोष्ट सांगतो. फकस्त ते पायाजवळचं गठुडं सांभाळा, पाय लावू नका त्याला. जुन्या लुगड्यात बांधलंय म्हनून चिंध्या समजू नका. दोन बायांचं अकरा वर्सांचं भांडन हाय त्यात. असलं भांडन तुमी जलमात ऐकलं नसंल, ही माजी हमी.

ह्या वाटनं पुनतांब्याकडं दीड कोस गेलं की दोन वस्त्या लागत्यात. एका आंगाला धाकटी जाऊ कडूबाई, दुसऱ्या आंगाला थोरली जाऊ भागिरथी. मधी शेराचं कुपान. विहीर एक, वाट एक, नवरे सख्खे भाऊ. पन ह्या दोघी अकरा वर्सं एकमेकीशी चकार शबूद बोलल्या न्हाईत.

बोलल्या न्हाईत म्हंजी गप हुत्या असं न्हाई. त्या गाईशी बोलायच्या. कडूबाईची कपिली गाय कुपनाशीच बांधलेली. पलीकडनं भागिरथी म्हनायची, "कपिले, तुज्या मालकिनीला सांग, तिचं साबनाचं पानी माज्या वाफ्यात येतंय." अलीकडनं कडूबाई म्हनायची, "कपिले, त्या बयेला सांग, येऊ दे की. घरात कुनी आंगूळ करत न्हाई, निदान वाफा तरी करंल." गाय बिचारी माश्या हाकलायला मान हलवायची, आन् दोघींनाबी वाटायचं, आपल्याच बाजूनं हलवली.

भांडन कशावरनं? एका परातीवरनं. ह्यांच्या सासूची तांब्याची परात हुती, जाड, काठाला एक चेप पडलेला. त्या परातीत सासू तूप धुवायची. तुमी ऐकलंय का न्हाई कुनास ठावं, पन गाईचं तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, वंजळभर पानी घालायचं, लोट्याच्या बुडानं गोल गोल घासायचं, पानी वतून द्यायचं. झालं एक पानी. असं शंभर येळा. ईस पान्यात तुपाचा वास उतरतो, पन्नास पान्यात लोन्यावानी हुतं, आन् शंभरावं पानी गेलं की पांढरंशुभ्र, बोटाला लावलं तर हाय का न्हाई कळत न्हाई. भाजलं, सोललं, खाज सुटली, काय बी असू दे, गार पडतं.

पन त्याला एक नेम. मोजनीला शंभर चिंचोके घ्यायचे, एकेका पान्याला एकेक चिंचोका सरकवायचा, आन् पयल्या पान्यापास्नं शंभराव्या पान्यापत्तुर तोंड उघडायचं न्हाई. सासू म्हनायची, "तोंड उघडलं की तूप फाटलं. मंग ते तूप न्हाई, इख हाय." का, ते तिनं सांगितलं न्हाई, आन् सुनांची इचारायची टाप नव्हती. सासू गेली, वाटन्या झाल्या, आन् परात कडूबाईच्या घरात राह्यली. त्या दिसापास्नं अबोला.

आता खरी गोष्ट. ह्याच सालची, पंच्यान्नवची.

कडूबाईच्या तुषारचं गेल्या वर्सी लगीन झालं. सून नगरची, शुभांगी. पोरगी गोड, पन कातडी कशी? कांद्याच्या आतल्या पापुद्र्यावानी. उसाचं पाचट लागलं की वळ, साबन बदलला की पुरळ, ऊन लागलं की मान लाल. पयल्याच म्हयन्यात कडूबाई म्हनली, "ही सून हाय का लाजाळूचं झाड?"

शुभांगी म्हनली, "आत्या, लाजाळूला हात लावला की ते मिटतं. मी मिटत नाही, मी बोलते."

"ते दिसतंयच. बोल, बोल. बोलून भाकरी फुगंल."

वरनं असं, पन आतनं कडूबाई गार झाली. नवरा आसाराम दिसातनं चार शबूद बोलनार, त्यातलं दोन बैलांशी. तुषार बापावर गेलेला. वीस वर्सं ती बाई भित्ताडाशी बोलत हुती म्हना ना. घरात उलटं बोलनारं एक मानूस आलं, तवा कुठं तिला घरात मानूस हाय असं वाटाया लागलं. पन हे ती कुनाला सांगनार हाय? मेली तरी न्हाई.

माघाच्या थंडीत पोरीची कातडी उलायला लागली. मान, कोपरं, गुडघ्यांच्या खोबन्या. राहात्याच्या डाक्टरनं ट्यूब दिली. लावली तवर बरं, थांबली की दुप्पट. पोरीनं घरी पत्र टाकलं. आठवड्यानं तिच्या बापाचं, गोरक्षनाथाचं, उत्तर आलं; ती त्याला दादा म्हनायची. मानूस नगरच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक, हात काळे, अक्षर मातुर टपोरं. शुभांगीनं सोमवारी चुलीपुढं बसून वाचून दाखवलं. "रविवारी जीप घेऊन येतो. पोरीला घेऊन जाणार. मला पटल्याशिवाय परत धाडणार नाही."

कडूबाई म्हनली, "पुढं वाच. माज्याबद्दल काय लिवलंय?"

"तुमच्याबद्दल काही नाही, आत्या."

"तेच तर. न लिवता शिव्या दिल्यात तुज्या बापानं."

पन मनात तिनं हिशेब मांडला. जीप पोरीला घेऊन जाती, परत आननारी जीप कुनी बघितलीय? रविवारला सहा दिस. तिनं ठरवलं, परात काढायची.

शुभांगीनं नाक मुरडलं. "आत्या, तुपाचा वास येईल हो अंगाला. माणसं म्हणतील, शिरा चालला."

हे कडूबाईला लागलं. शहरातल्या बायांच्या डब्यांना गुलाबाचा वास असतो, माज्या तुपाला का नसावा? आन् गुलाब तर कुपनाच्या पलीकडंच. भागिरथीच्या मालकानं, रंभाजीनं, त्याच वर्सी पंधरा गुंठे गुलाब लावला हुता, शिर्डीला हारासाठी जायचा. मंगळवारी झुंजुमुंजू व्हायच्या आत कडूबाई कुपनातनं वाकून गेली आन् लुगड्याच्या वट्यात भरून फुलं खुडून आली. मनात म्हनली, देवाच्या गळ्यात पडनारं फूल हाय, ह्याच्याइतकं निर्मळ काय असनार? पाकळ्या कडत पान्यात झाकून ठिवल्या, पानी गार केलं, आन् त्या पान्यानं तूप धुवायला बसली.

ऐंशी पानी झाली आन् कोंबडी आली परातीवर. कडूबाईच्या तोंडातनं निघून गेलं, "हूश!"

जीभ चावली तिनं. पन ऐंशी पानी झाल्याली, पुन्हा कोन धुनार? तिनं तसंच रेटलं. तूप मातुर झ्याक झालं, वास असा की शुभांगीनं सोता डबी उघडून मान म्होरं केली. "आत्या, हे तर दुकानात ठेवायचं."

बुधवारी सकाळी पोरीची मान बघवत न्हवती. जिथं जिथं बोट फिरलं तिथं तिथं लालभडक, वर बारीक फोड. तुषारनं आईकडं बघितलं. त्याच्या जलमात बोलला नसंल येवढं एका दमात बोलला, "आये, आता कायबी लावू नको तिला. हात बी लावू नको."

शुभांगी रडली न्हाई. म्हनली, "रविवारपर्यंत कळ काढते. मग दादा येतातच." येवढंच. उलटं बोलली न्हाई, टोमना न्हाई. आन् त्यानं कडूबाई जास्त भ्याली.

तिला वाटलं, आपलं 'हूश' बाधलं. सासूनं सांगितलेलं खरं झालं, तूप फाटलं, इख झालं. पुन्हा करायचं, नेमानं करायचं. शुक्करवारी पहाटं पुन्हा कुपनातनं गेली, पुन्हा वटाभर फुलं. घरातलं हुतं नव्हतं ते सगळं तूप परातीत घेतलं. कोंबड्या डालल्या. आसारामाला मळ्यात हाकलला. चिंचोके मोजले आन् दात खाऊन बसली वट्यावर. आज वरनं वीज पडली तरी तोंड उघडायचं न्हाई.

वीज न्हाई पडली. भागिरथी आली.

तिनं सकाळी गुलाब बघितला हुता. दोन रांगा बोडक्या. आन् एका काट्याला हिरव्या लुगड्याचा धागा. ती कुपनाशी आली. बघती तर कडूबाई परात घेऊन बसलेली, पुढं चिंचोक्यांचे दोन ढीग. भागिरथीला नेम ठाऊक. सासूची थोरली सून ती! ही आता बोलू शकत न्हाई. बघा पाव्हनं, अकरा वर्सं शिव्या साठवलेली बाई, आन् समूर दुस्मान तोंड शिवून बसलेला. देवानं येवढं कुनाला दिलंय?

"कपिले," तिनं सुरवात केली, "तुज्या मालकिनीला इचार, हिरवं लुगडं नेसून चोऱ्या करती, का चोरी करायला म्हनून हिरवं नेसती?"

कडूबाई घासत राह्यली. चिंचोका सरकवला. पन्नास.

"कपिले, तिला सांग, बापजन्मात फूल बघितलं नसंल तर मागायचं. चार पाकळ्या भीक घालायची ऐपत हाय आमची."

एक्कावन. बावन. कपिलीनं तोंड फिरवलं आन् कडब्यात घातलं. भागिरथीनं तिकडं बघितलंच न्हाई. कुपनातनं वाकून ती ह्या आंगाला आली, अकरा वर्सांत पयल्यांदा, आन् कंबरंवर हात ठिवून वट्याम्होरं हुबी राह्यली.

"गप का गं? एरवी तर जीभ भोवऱ्यावानी फिरती. परातचोर ती परातचोर, आता फूलचोर. म्हातारीची परात बगलंत मारली तवा मी काय बोलले न्हाई, म्हनून माजली व्हय?"

कडूबाईचं कपाळ तापलं. मी बगलंत मारली? वाटनीत माज्या घरात राह्यली! शबूद दाताशी आला. तिनं गिळला. चिंचोका सरकवला. चौसष्ट. पोरगी आत झोपलीया, मानंला वलं फडकं लावून. रविवार परवा हाय. गिळ कडू, गिळ.

भागिरथीला आता चांगलाच जोर आला. "आन् चोरायची तरी कवा? फवारनीवाल्या परवीननं सोमवारी किडीचं आवशीद मारलं तर ही मंगळवारी फुलं तोडती. काल पुन्हा मारलं तर आज हजर! वास बी न्हाई का येत नकट्या नाकाला? त्या आवशिदानं परवीनच्या हाताला फोड आलं, आन् ही बया फुलं वट्यात भरून..."

कडूबाईचा हात थांबला. परातीत लोट्याचं बूड तसंच टेकलेलं. त्र्याहत्तर चिंचोके एकीकडं, सत्तावीस एकीकडं.

बोललं तर तूप गेलं. घरात दुसरं तूप न्हाई. आन् बोलायचं कुनाशी, तर हिच्याशी! पन आतनं पोरीचा खोकल्याचा आवाज आला, आन् कडूबाईनं वर बघितलं. गाईकडं न्हाई, सरळ भागिरथीकडं.

"कवा मारलं म्हनलीस?"

अकरा वर्सांतला कडूबाईचा तिला पयला शबूद. भागिरथीचं तोंड उघडं ते उघडंच. शिवी द्यायचं बी ती इसरली. "सोमवारी. आन् काल."

"देवाच्या फुलाला?"

"देवाला काय ठावं? हारवाल्याला किडकं फूल चालत न्हाई." मंग तिची नजर परातीवर गेली, गुलाबी पान्याच्या घागरीवर गेली. "कडू... कुनाला लावलंस हे?"

कडूबाई उठली. परात उचलली आन् सगळं तूप उकिरड्यापलीकडच्या खड्ड्यात वतलं. वर माती लोटली, कुत्रं बी चाटू नये म्हनून. घागर पालथी केली. परात राखंनं घासली, चिंचंनं घासली, चार येळा खळाळली. आन् मंग वट्यावर बसली ती हात मांडीत घालून. परात हाय, पानी हाय, हात हाईत. तूप न्हाई.

भागिरथी आत जाऊन पोरीची मान बघून आली. बाहीर आली ती तरातरा कुपनापलीकडं गेली. कडूबाईला वाटलं, झालं, आता गावभर डांगोरा पिटनार. पन घटकाभरानं भागिरथी परत आली. एका हातात तुपाचा डबा, दुसऱ्या हातात विहिरीचं उकळून गार केलेलं पानी. डबा वट्यावर आपटला.

"कपिले, तुज्या मालकिनीला सांग, हे तिच्यासाठी न्हाई. पोरीसाठी हाय. माज्या नातवाच्या बारशाला राखलेलं तूप हाय, वाया गेलं तर हाडं मोडीन." आन् गाईकडं पाठ करून पुढं म्हनली, "आन् मोजनी मी करनार. ह्या बयेवर माजा इश्वास न्हाई. कोंबडी आली तर मी हाकलीन. ही फकस्त तोंड बंद ठिवंल."

आता भागिरथीला मोजता येतंय ईसापत्तुर. मंग तिनं काय करावं? एका पान्याला एक चिंचोका, आन् एका चिंचोक्याला एक शिवी. म्हंजी चुकायला नको.

"आळशे." एक. "मीठचोर, माजी सांडग्याची बरनी नेली ती आजून आनलेली न्हाई." दोन. "तुज्या लग्नात तुज्या भावानं माज्या पंगतीत वाढलंच न्हाई." तीन. "हागनदारीला जाताना बी मुरडत जातीस." चार.

कडूबाई घासती, पानी वतती. आत शुभांगी जागी झालेली, दाराला टेकून बसली, आन् चाळिसाव्या शिवीला फिसकन हसली. दोन दिसांत पयल्यांदा. कडूबाईनं ते ऐकलं. शिवीचं काय वाटलं न्हाई मंग तिला.

साठ-पासष्ट झाल्यावर भागिरथीच्या शिव्या आटल्या. काय बी म्हनाया लागली, "बोडके. फेंदाडे. भोपळे." आन् सत्तराव्या चिंचोक्यावर बोट ठिवून ती जरा थांबली. आवाज खाली आला.

"म्हातारी अंथरुनाला खिळली तवा तू म्हायेरी गेलीस. दोन म्हयनं."

चिंचोका सरकला.

"पाठ सोलून निघाली हुती तिची. मी तूप धुवायची. रोज. ह्याच परातीत."

चिंचोका.

"तू आलीस ती तेराव्याला. आन् परात तुज्या घरात गेली. कुनी मला इचारलं पन न्हाई, तुला पायजे का म्हनून."

चिंचोका.

कडूबाईला उत्तर देता आलं न्हाई. नेम हुता म्हनून न्हाई. ते खरं हुतं म्हनून. म्हायेरी तिची आई आजारी न्हवती, काय न्हवतं. सासूचं करायचा कंटाळा आला म्हनून गेल्ती. हे तिचं तिलाच ठाऊक हुतं, असं तिला अकरा वर्सं वाटत हुतं. ती खाली मान घालून घासत राह्यली. तिला तवा दिसलं, चिंचोका सरकवनारी भागिरथीची बोटं काट्यांनी उलल्याली, फवारनीनं कातडं निघाल्यालं. पोरीच्या मानंहून वंगाळ.

शंभर झाले. भागिरथी उठली, "कपिले, येते गं," म्हनली आन् कुपनातनं निघून गेली.

त्या तुपाला वास कसलाच न्हवता. आधी शुभांगीच्या मनगटाला गव्हायेवढं लावलं, तासभर बघितलं, काय आग न्हाई, मंग मानंला. शनवारी लाली उतरली. रविवारी फोड सुकलं, पन डाग हुतेच.

जीप आली. गोरक्षनाथ उतरला, च्या घेतला न्हाई, पोरीची मान उजेडात धरून बघितली. "इहीनबाई, हे काय केलंत?"

कुपनापलीकडं भागिरथी वाळल्याल्या गवऱ्या उगंच इकडच्या तिकडं करत हुती. कान हिकडं. आता कडूबाई म्हनू शकली असती, शेजारनीच्या इखारी फुलांनी झालं. गाव तिच्या बाजूनं झालं असतं.

"चूक माजी हाय, इवाई," कडूबाई म्हनली, मोठ्यानं, पलीकडं जाईल येवढ्यानं. "फुलं मी चोरली. आवशीद मारल्याली. इचारायला तोंड न्हवतं, कारन मीच अबोला धरला हुता. आन् नंतरचं तूप माजं न्हाई, माज्या थोरल्या जावंचं हाय. पोरगी न्यायची तर न्या. पन डबी बरुबर न्या."

गवऱ्यांचा आवाज थांबला.

गोरक्षनाथानं पोरीकडं बघितलं. "चल, पिशवी घे."

शुभांगी म्हनली, "दादा, नगरला मला तूप कोण धुऊन देईल? आणि ह्या दोघींना तिथून ऐकू कशी? शंभरातल्या साठच शिव्या माझ्या पाठ झाल्यात." मंग बापाचा काळा हात धरून हळू म्हनली, "आत्यांनी स्वतःहून सांगितलं ना. तेवढं पुरे मला. नाही बरं वाटलं तर मीच पत्र टाकीन."

बापानं जीपच्या चाकाची हवा बुटानं दाबून बघितली. मंग म्हनला, "च्या टाका, इहीनबाई."

झालं? न्हाई झालं, पाव्हनं. तुमाला वाटलं आसंल, दोघी गळ्यात पडल्या. छ्या! दुसऱ्या दिसापास्नं पुन्हा गाय. "कपिले, हिला सांग, माज्या नातवाच्या तुपाचं काय?" "कपिले, तिला सांग, चवच न्हवती त्याला." तवापास्नं तीनदा कडूबाईनं तूप धुतलं. तिन्ही येळा भागिरथी न बोलावता आली, चिंचोके घेऊन बसली, शंभर शिव्या देऊन गेली. कडूबाई गप.

आन् काल कडूबाई हितं माज्या हाटेलीवर आली, हे गठुडं घेऊन. म्हनली, "ही परात तिच्याकडं गेली पायजे. म्हातारीचं तिनं केलं, परात तिची." मी म्हनलं, कुपनावरनं दे की. तर माज्यावरच वसकली, "मी दिली तर ती घेईल व्हय? आन् उपकार बी करायचे न्हाईत मला तिच्यावर." मंग गालात हसली. "परात तिच्याकडं गेली की तूप तिला धुवावं लागंल. तोंड बंद ठिवून. अकरा वर्सांची माजी उत्तरं बाकी हाईत. चिंचोके मी घेऊन जानार हाय."

आता मी नेली तर भागिरथी वळखंल, मी कडूबाईकडचा मानूस. तुमी परके. तुमची फटफटी झाली बगा, हवा भरून. दीड कोसावर डाव्या हाताला गुलाब दिसंल, तिथं एक बाई हाताला चिंध्या बांधून फुलं तोडत असंल. येवढं गठुडं तिच्या वट्यावर ठिवा. कुनी दिलं इचारलं, तर गाईनं दिलं म्हना. आन् तिनं तोंड उघडायच्या आत तिथनं निघा, पाव्हनं, येवढं माजं ऐका.